रोज एक छायाचित्र: वर्षभराचा नेम

जेमी लिव्हिंगस्टन हा अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यातल्या बार्ड कॉलेजचा विद्यार्थी. ३१ मार्च १९७९ रोजी त्याने आपल्या पोलरॉइड कॅमेऱ्यातून एक फोटो काढला. काही आठवड्यांनी त्याच्या लक्षात आले की, आपण दिवसाला साधारण एकच फोटो काढतो आहोत. मग त्याने त्याचाच नेम केला. तो पुढे छायाचित्रकार झाला, चित्रपटांसाठी काम करू लागला, सर्कशीतही रमला. पण रोजचा एक फोटो सुटला नाही. हा नेम १८ वर्षांहून अधिक काळ चालला. २५ ऑक्टोबर १९९७ रोजी, आपल्या ४१व्या वाढदिवशी, कर्करोगाने त्याचे निधन झाले. मागे सुमारे ६ हजार ७०० फोटो राहिले. दहा वर्षांनी, २००७ मध्ये, त्याच्या मित्रांनी बार्ड कॉलेजमध्येच त्यांचे प्रदर्शन भरवले.

हे फोटो पाहणाऱ्याला एक गोष्ट चटकन जाणवते. बहुतेक फोटो अगदी साधे आहेत. मित्रमंडळी, टेबलावरचे जेवण, रस्ता, बेसबॉलचा सामना, खिडकीतून दिसणारा उजेड. शेवटच्या काळात त्यांत आजारपण दिसू लागते. मृत्यूपूर्वी काही आठवडे त्याने लग्न केले, त्याचीही खूण त्यांत आहे. ज्या दिवशी साध्या जेवणाचा फोटो काढला, त्या दिवशी पुढे काय वाढून ठेवले आहे हे त्याला ठाऊक नव्हते. आपल्यापैकी कोणालाच ते ठाऊक नसते.

अठरा वर्षे ही मोठी मजल झाली. आज जगभर अनेक जण ‘वर्षभर रोज एक फोटो’ असा संकल्प सोडतात. मोबाइल खिशात असल्याने त्याला वेगळा खर्च नाही. तरीही तडीस नेणारे थोडेच असतात. ज्यांचे वर्ष पूर्ण होते, त्यांच्या हाती ३६५ फोटोंखेरीज आणखी काय लागते, याचा विचार मानसशास्त्र आणि आरोग्यशास्त्र या दोन्ही अंगांनी करण्यासारखा आहे.

नव्याचे नऊ दिवस

पहिले दोन-तीन आठवडे उत्साहात जातात. सूर्योदय, फुले, मांजर, चहाचा कप, देवघरातली समई असे हाताशी असलेले विषय तेव्हाच संपतात. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात ‘आज काढायला काहीच नाही’ असे वाटू लागते. मग एखादा दिवस राहून जातो. दुसऱ्या दिवशी ‘आता खंड पडलाच आहे’ म्हणून आणखी एक दिवस जातो आणि संकल्प मोडतो. मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या, रोजचे चालणे, प्राणायाम यांचेही असेच होते. कोणतीही रोजची गोष्ट सुरुवातीला मोडत नाही, ती मधल्या सपाट काळात मोडते.

सवय कशी लागते, याचा एक चांगला अभ्यास लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. ९६ स्वयंसेवकांनी खाणे, पिणे किंवा व्यायाम यांच्याशी संबंधित एक छोटी कृती निवडली आणि ती १२ आठवडे रोज ठरावीक प्रसंगाला जोडून केली, उदाहरणार्थ, न्याहारीनंतर. ती कृती आपोआप घडू लागायला साधारण ६६ दिवस लागतात, असे दिसले. मात्र माणसागणिक आणि कृतीगणिक हा काळ फार बदलत होता. संशोधकांच्या हिशेबाने तो १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत होता. म्हणजे ‘२१ दिवसांत सवय लागते’ या लोकप्रिय समजुतीवर विसंबून चालणार नाही. पाडव्याला फोटोंचा नेम सुरू केला, तर सहासष्टावा दिवस साधारण ज्येष्ठात येतो. तोवर प्रयत्न करावाच लागतो.

याच अभ्यासातला दुसरा निष्कर्ष अधिक दिलासा देणारा आहे. मध्येच एखादा दिवस चुकला, तरी सवय जडण्याच्या प्रक्रियेवर त्याचा फारसा परिणाम होत नव्हता. चुकलेल्या एका दिवसापेक्षा त्या चुकीने खचून जाणे अधिक घातक ठरते.

आपल्या घरांतून चालत आलेल्या नेमांची रचना पाहिली, तर हेच शहाणपण तिथे दिसते. आंघोळीनंतर स्तोत्र, दिवेलागणीला शुभंकरोती, जेवणापूर्वी चित्रावती. प्रत्येक नेम घड्याळापेक्षा आधीच्या एखाद्या कृतीला बांधलेला असतो. फोटोचेही तसेच करावे. ‘दिवसभरात केव्हातरी’ असे ठरवले, तर रात्री अकरा वाजता अंथरुणातून उठून पंख्याचा फोटो काढण्याची वेळ येते. ‘दुपारच्या जेवणानंतर’ किंवा ‘संध्याकाळी घराबाहेर पडल्यावर’ असे ठरवले, तर जेवण किंवा उंबराच आठवण करून देतो.

कॅमेऱ्यामुळे आठवते की विसरते?

फोटोंबद्दल एक रास्त शंका घेतली जाते. सतत मोबाइल समोर धरणारा माणूस प्रसंग पाहतो तरी कधी? या शंकेला संशोधनाचा आधार आहे. अमेरिकेतील फेअरफिल्ड विद्यापीठाच्या लिंडा हेन्केल यांनी विद्यार्थ्यांना कलासंग्रहालयात नेले. काही वस्तू नुसत्या पाहायला आणि काहींचे फोटो काढायला सांगितले. दुसऱ्या दिवशी विचारले, तेव्हा फोटो काढलेल्या वस्तू विद्यार्थ्यांना कमी आठवल्या. आठवण ठेवण्याचे काम कॅमेऱ्यावर सोपवले की मेंदू सैल पडतो, असा त्याचा अर्थ लावता येतो. पण ज्यांना वस्तूच्या एखाद्या भागावर रोखून फोटो काढायला सांगितले होते, त्यांच्या स्मरणाची अशी घट झाली नाही. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाने फरक स्पष्ट केला. सरसकट टिपणे वेगळे आणि निवडून, निरखून टिपणे वेगळे.

अलिक्झांड्रा बराश आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये याची दुसरी बाजू दाखवली. संग्रहालयात ध्वनिमुद्रित माहिती ऐकत फिरणाऱ्यांपैकी ज्यांनी स्वतःच्या मर्जीने फोटो काढले, त्यांना पाहिलेल्या गोष्टी जास्त आठवल्या आणि ऐकलेली माहिती कमी. कॅमेरा हाती आला की लक्ष डोळ्यांकडे ओढले जाते आणि कानाचा वाटा कमी होतो. म्हणून आजीचे बोलणे किंवा नातीचे गाणे चालू असताना मोबाइल खाली ठेवलेला बरा.

रोज एकच फोटो काढण्याच्या नेमाचे बळ इथे कळते. लग्नसमारंभात आपण चारशे फोटो काढतो आणि पुन्हा एकही उघडत नाही. दिवसाला एकच काढायचा असेल, तर निवड करावी लागते. अमेरिकेचे निसर्गछायाचित्रकार जिम ब्रँडेनबर्ग यांनी १९९४ मध्ये हे टोकापर्यंत नेले. शरद संपातापासून डिसेंबरातल्या सर्वांत लहान दिवसापर्यंत, सलग ९० दिवस, मिनेसोटाच्या जंगलात त्यांनी रोज फक्त एकदाच कॅमेऱ्याचे बटण दाबले. चुकला तर चुकला, दुसरी संधी नाही. सामान्य माणसाने इतके कडक असण्याची गरज नाही. दोन-चार फोटो काढून त्यांतला एक ठेवला तरी चालेल. पण ठेवायचा एकच.

मनाला काय मिळते?

लँकेस्टर विद्यापीठाच्या लिझ ब्रूस्टर आणि शेफील्ड विद्यापीठाचे अँड्र्यू कॉक्स या ब्रिटिश संशोधकांनी रोज एक फोटो काढून तो इंटरनेटवर ठेवणाऱ्या काही लोकांचा दोन महिने मागोवा घेतला. ते काय टिपतात, सोबत काय लिहितात, इतरांशी कसा संवाद करतात, हे पाहिले आणि त्यांच्याशी बोलून समजून घेतले. २०१८ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. तीन गोष्टी त्यातून पुढे आल्या. स्वतःची काळजी घेतल्याची भावना, इतरांशी जोडले जाणे आणि मागे वळून पाहता येणे. फोटोच्या निमित्ताने माणसे घराबाहेर पडत, चालत. ताणाची नोकरी करणाऱ्या एका व्यक्तीला श्वास घ्यायची उसंत नसलेल्या दिवसातही संगणकावर बसलेला किडा टिपण्यासाठी क्षणभर थांबता आले. निवृत्तीनंतर कचेरीतल्या गप्पांना मुकलेल्यांना बोलायला विषय मिळाला.

या अभ्यासाच्या मर्यादाही ध्यानात घ्यायला हव्यात. लोक मोजके होते, ते आपल्या आवडीने हा नेम पाळणारे होते आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. त्यामुळे ‘रोज फोटो काढा आणि नैराश्य घालवा’ असे यातून म्हणता येत नाही. हा उपचार नाही. पण त्यासोबत येणाऱ्या काही गोष्टींचा फायदा वेगळा सिद्ध झालेला आहे. प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. फोटोच्या शोधात रोज वीस-पंचवीस मिनिटे झपझप चालणे झाले, तर तेवढी मिनिटे भरतात. मात्र दर चार पावलांवर थांबले तर नाही. सकाळचा उजेड डोळ्यांवर पडला की शरीराच्या घड्याळाला वेळ जुळवायला आणि रात्री झोप लागायला मदत होते. फोटो सकाळी काढावा, यामागे हेही एक कारण आहे.

नैराश्यात मात्र डोळ्यांसमोरचे काहीच भावत नाही, हेच मुळी दुखणे असते. नेहमी आवडणाऱ्या गोष्टींतही गोडी वाटेनाशी झाली, मन सतत उदास राहू लागले आणि हे दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकले, तर कॅमेऱ्यावर भिस्त न ठेवता डॉक्टरांना भेटावे. ‘टेली-मानस’ या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य समुपदेशन मिळते.

साध्या दिवसांची किंमत

वय वाढते तशी वर्षे भराभर जातात, असे जवळजवळ प्रत्येक जण म्हणतो. अमेरिकेचे मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९० मध्येच याचे एक कारण सुचवले होते. बालपणी रोज काही नवे घडते आणि ते मनावर ठसते. पुढे दिवस एकसारखे होतात, एकात एक मिसळतात आणि मागे वळून पाहताना वर्ष पोकळ वाटते. गेल्या वर्षीच्या श्रावणातला एखादा मंगळवार आठवून पाहिला, तर बहुतेकांच्या हाती काहीच लागत नाही.

असे दिवस जपून ठेवण्याजोगे आहेत, हे आपल्याला त्या वेळी पटत नाही. हार्वर्ड विद्यापीठात टिंग झँग आणि सहकाऱ्यांनी याचा माग घेतला. विद्यार्थ्यांनी उन्हाळ्याच्या सुरुवातीला नुकतेच झालेले एखादे संभाषण, ऐकलेली गाणी अशा किरकोळ गोष्टी नोंदवून ठेवल्या आणि तीन महिन्यांनी हे वाचायला किती आवडेल याचा अंदाज दिला. प्रत्यक्षात वाचताना त्यांना अंदाजापेक्षा पुष्कळच अधिक रस वाटला. आणखी एका प्रयोगात तर असे दिसले की, खास दिवसापेक्षा साध्या दिवसाच्या नोंदीबाबत माणसांचा अंदाज जास्त चुकतो. सणाचा फोटो सगळेच काढतात. पण बाबांची टेकवलेली सायकल, आईचा निवडणीचा डाळ-तांदूळ, पाडायला काढलेली जुनी इमारत, शाळेच्या पहिल्या दिवशीचे नव्हे तर चाळिसाव्या दिवशीचे मुलांचे बूट, हे कोणी टिपत नाही.

सावकाश होणारे बदलही याच कारणाने निसटतात. बॉस्टन येथे छायाचित्रण शिकवणारे कार्ल बेडन यांनी २३ फेब्रुवारी १९८७ पासून रोज आपल्या चेहऱ्याचा फोटो काढला आहे. चेहरा तसाच सरळ, हावभाव तोच. इतक्या वर्षांत फक्त एक दिवस, १५ ऑक्टोबर १९९१, त्यांच्याकडून राहून गेला. लगतच्या दोन फोटोंत फरक दिसत नाही. दहा वर्षांच्या अंतराचे दोन फोटो शेजारी ठेवले की वार्धक्य दिसते. डॉक्टरही या तत्त्वाचा उपयोग करून घेतात. मधुमेही रुग्णाच्या पायावरची जखम भरते आहे की चिघळते आहे, पांढरा डाग पसरतो आहे की आटतो आहे, हे रोज पाहणाऱ्याला कळत नाही. त्याच उजेडात, त्याच अंतरावरून, शेजारी मोजपट्टी ठेवून दर आठवड्याला काढलेले फोटो तपासणीच्या वेळी उपयोगी पडतात. अर्थात, फोटो हा तपासणीला पर्याय नव्हे. जखम लाल होऊन सुजली, पू येऊ लागला किंवा ताप आला, तर पुढच्या आठवड्याच्या फोटोची वाट पाहू नये.

ज्यांना आपल्या रूपाविषयी सतत काळजी वाटते, त्यांनी मात्र रोज स्वतःच्या चेहऱ्याचा फोटो काढण्याच्या फंदात पडू नये. त्यांच्यासाठी खिडकीबाहेरचे झाड बरे. आपल्याकडे तर एका झाडावर वर्ष निघू शकते. माघात आंब्याला मोहर, फाल्गुनात पळस, वैशाखात बहावा, मृगाच्या पावसानंतर धुतलेली पाने, भाद्रपदात खोडावर चढलेले शेवाळ, मार्गशीर्षातले धुके.

वर्ष तडीस न्यायचे तर

१. पाट्या टाकलेले फोटोही चालतील, असे पहिल्याच दिवशी ठरवावे. ३६५ पैकी वीस-पंचवीस चांगले निघाले तरी पुष्कळ झाले.

२. फोटोची वेळ रोजच्या एखाद्या कृतीला बांधावी. ‘आज काहीच नाही’ अशा दिवसांसाठी ठरलेली जागा असावी. तीच खिडकी, तोच जिना, तोच चहाचा ठेला. आषाढातल्या अंधाऱ्या दुपारी याचा उपयोग होतो.

३. फोटोखाली तारीख, ठिकाण आणि एक ओळ लिहावी. नुसते दृश्य दोन वर्षांनी मुके होते.

४. दिवस चुकला तर जुना फोटो त्या तारखेला चिकटवू नये. जागा रिकामी ठेवावी आणि कारण लिहावे. ‘ताप’, ‘प्रवास’, ‘विसरलो’. ही रिकामी जागासुद्धा त्या वर्षाची नोंदच आहे. फक्त लागोपाठ दोन दिवस चुकू देऊ नयेत.

५. फोटो लोकांना दाखवायचे असतील तर जरूर दाखवावेत, पण किती जणांनी पसंती दिली याची मोजदाद करू नये. ती सुरू झाली की माणूस स्वतःला दिसलेले टिपण्याऐवजी इतरांना आवडेल ते टिपू लागतो. सतत मोबाइल तपासण्याची सवय असलेल्यांनी वर्ष संपेपर्यंत फोटो स्वतःपुरतेच ठेवावेत.

६. अनोळखी माणसांचा, विशेषतः मुलांचा, फोटो परवानगीशिवाय काढू नये. रुग्णालयात शेजारच्या खाटेवरचा रुग्ण आपल्या फोटोत येता कामा नये. पावसाळ्यात गडाचा कडा, धबधब्याची धार, रेल्वेचे रूळ आणि चालू वाहन या फोटो काढण्याच्या जागा नाहीत.

७. दर महिन्याला फोटो दुसऱ्या एका ठिकाणी उतरवून ठेवावेत. मोबाइल हरवल्यामुळे आठ महिन्यांचा नेम एका दिवसात बुडू शकतो.

पुन्हा पाहण्यासाठी

फोटो काढणे हे अर्धे काम आहे, उरलेले अर्धे पाहण्याचे. स्मरणशक्तीवर काम करणाऱ्या डॉक्टरांनी याचा एक बोलका पुरावा दिला आहे. इंग्लंडमधील केंब्रिज येथे मेंदूच्या दाहामुळे स्मरणशक्ती गंभीरपणे बिघडलेल्या, साठी ओलांडलेल्या एका महिलेच्या गळ्यात ‘सेन्सकॅम’ नावाचा छोटा कॅमेरा अडकवला गेला. तो आपोआप फोटो टिपत असे. घडलेले प्रसंग काही दिवसांतच पार विसरणाऱ्या या महिलेने पतीसोबत ते फोटो दर दोन दिवसांनी पाहिले, तेव्हा तिला त्या प्रसंगांपैकी सुमारे ८० टक्के आठवू लागले. पाहणे थांबवल्यावरही कित्येक आठवडे ती आठवण टिकली. लिहिलेली डायरी वाचून इतका फायदा झाला नव्हता. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला हा एकाच रुग्णाचा अनुभव आहे. त्यावरून सगळ्यांसाठी नियम करता येणार नाही. पण चित्र पुन्हा पुन्हा पाहिल्याने आठवण पक्की होते, हे त्यातून दिसते.

म्हणून दर महिनाअखेरीस घरच्यांसोबत त्या महिन्याचे तीस फोटो पाहावेत. दहा मिनिटे लागतात. वर्ष संपले की निदान निवडक फोटो कागदावर छापून घ्यावेत, कारण मोबाइलमधले फोटो घरातल्या वडीलधाऱ्यांपर्यंत पोहोचत नाहीत. विसरभोळेपणा वाढलेल्या आजोबांसमोर असा वर्षाचा अल्बम ठेवला, तर ‘हे कोण, ओळखा पाहू’ अशी परीक्षा घेऊ नये. पान उलटावे, ‘त्या दिवशी अंगणात पाणी साचलं होतं, तुम्ही खुर्ची आत ओढून घेतली होती’ असे आपणच सांगावे आणि त्यांना बोलू द्यावे. त्यांना तो दिवस आठवेलच असे नाही. तरी बरोबर बसून पाहण्यात गेलेली ती संध्याकाळ दोघांनाही मिळते.